नऊला सहा

लालबागच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तळमजल्याला एक गाळा आहे. पूर्वी तिथे छत्र्यांचे दांडे तयार होत, आता तीन पूल टेबलं आहेत. आत शिरल्यावर डाव्या हाताच्या भिंतीवर एक पांढरा फळा आहे आणि त्यावर तिथे नेहमी खेळणाऱ्या पंचवीस-तीस माणसांची नावं आहेत. प्रत्येक नावापुढे एक आकडा. काही वर्षं तो आकडा लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. त्या फळ्यावर मी एकदा एका माणसाच्या नावापुढे खोटा आकडा लिहिला. त्याच्या भल्यासाठी लिहिला. हे सांगून मन हलकं होईल असं मला वाटत नाही. पण जे झालं ते क्रमाने कुठेतरी लिहिलेलं असावं.

आधी आकड्याचं सांगतो. पूलमध्ये एका डावाला फ्रेम म्हणतात. आपले सात बॉल घालवायचे, शेवटी काळा घालवायचा, की फ्रेम आपली. कॅरम खेळलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या गाळ्यात गिरगावचा एक व्यावसायिक खेळाडू येई. देशभर स्पर्धा खेळायच्या आणि त्यावरच घर चालवायचं, असा माणूस. त्याला सगळे ‘प्रो’ म्हणत. बाकीचे आम्ही नोकऱ्या, दुकानं, टॅक्सी सांभाळून खेळणारे. त्याच्याशी आम्ही सरळ खेळलो असतो तर मॅच होण्यात अर्थच नव्हता. म्हणून प्रोचा आकडा नऊ ठेवला होता, म्हणजे जिंकायला त्याने नऊ फ्रेम घ्यायच्या. समोरच्याचा आकडा पाच असेल तर त्याने पाचच घ्यायच्या. ज्याचा आकडा आधी भरेल त्याची मॅच. याला ‘नऊला पाच’ म्हणायचं.

मी ‘तीन’ होतो. गाळ्यातला सगळ्यात लहान आकडा.

आकडा जितका लहान तितकं जिंकणं सोपं, आणि आकडा जितका मोठा तितकी गाळ्यात इज्जत मोठी. माणसाला दोन्ही हवं असतं. वार्षिक स्पर्धा जवळ आली की काही जणांचा खेळ अचानक बिघडे. हिंदमाताला साडीच्या दुकानात काम करणारा एक जण सलग सहा मॅच हरला, तेव्हा बाकावरून कोणीतरी विचारलं, “काय रे, हात मोडला काय?”

“नाय रे, फॉर्म गेलाय.”

“फॉर्म नाय गेलेला. आकडा उतरवतोय तो. साडीसारखा, पाचशेची तीनशेला.”

असली भांडणं नकोत म्हणून गाळ्याच्या मालकांनी, आम्ही त्यांना काका म्हणत असू, ते काम मला दिलं. मी संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला आणि दादरच्या एका विमा कार्यालयात कारकून. काकांनी लांबट वही आणली आणि म्हणाले, “तू शिकलेला आहेस, तू तीन आहेस, तुला कोणाचं काही घेणं-देणं नाही. तू लिही.” मी पद्धत ठरवली. प्रत्येकाच्या शेवटच्या वीस मॅच घ्यायच्या, किती फ्रेम घेतल्या, किती दिल्या, समोर कोण होता, याचा हिशेब करायचा आणि आकडा काढायचा. जो मॅच खेळेल त्याचाच आकडा हलेल, हा नियमही माझाच. आणि एक रीत आपोआप पडली. आपला आकडा काय येणार हे कोणी मला विचारायचं नाही. विचारणं म्हणजे हात पसरण्यासारखं मानलं जाई. स्पर्धेच्या दिवशी सकाळी मी बदललेले आकडे पुसायचो, नवे लिहायचो, तेव्हाच सगळ्यांना कळायचं.

मला गाळ्यात पहिल्यांदा घेऊन गेला तो दादा. दादा माझा सख्खा भाऊ नव्हे. मी गावाकडून नोकरीला आलो तेव्हा परळच्या एका चाळीत त्याच्या घरी पैसे देऊन राहू लागलो. दोन खोल्या. दादा, वहिनी, त्यांची शाळेत जाणारी मुलगी आणि दादाची आई. मूळचे मालवणकडचे. पहिल्या महिन्यात मी जेवताना दुसरी पोळी मागत नसे. हे आईंच्या लक्षात आलं आणि त्या माझ्या ताटात न विचारता वाढू लागल्या. “लाजतंस कित्याक? हय सगळे खातत,” म्हणायच्या. खात्याच्या परीक्षेच्या वेळी मी माळ्यावर अभ्यास करत असे, तेव्हा त्या घरात संध्याकाळी दोन महिने टीव्ही लागला नाही. मी कोणाला तसं सांगितलं नव्हतं.

दादा मला ‘मास्तर’ म्हणायचा. फणसवाडीतल्या एका छापखान्यात तो ऑफसेट मशीन चालवायचा. वयाच्या विशीत चाळीतला कॅरमचा राजा होता, नंतर पूलकडे वळला. त्याची बोटं शाईने कायम निळसर दिसत, पण क्यू, म्हणजे खेळायची काठी, धरला की त्या हातांकडे बघत राहावंसं वाटे. गाळ्यात तो ‘आठ’ होता. प्रोच्या खालोखाल तो एकटाच. चार वर्षं त्याच्या नावापुढचा आठ मला कधी पुसावा लागला नाही.

मग छापखाना बंद झाला. लग्नपत्रिका लोक फोनवर पाठवू लागले होते, आणि मालकाच्या मुलाला जागेचं काही वेगळं करायचं होतं. दादा चव्वेचाळीस वर्षांचा होता. तो रोज सकाळी पूर्वीच्याच वेळी आंघोळ करून बाहेर पडे आणि गिरगाव, लोअर परळ, प्रभादेवी असा फिरून परत येई. त्या मशीनवर काम करणारा माणूस आता कोणाला नको होता. संध्याकाळी गाळ्यात यायचा, पण खेळात घाई आली होती. जो बॉल तो डोळे मिटून घालवायचा, तो भोकाच्या तोंडाशी येऊन थांबायला लागला. वहीत त्याच्या नावाखाली हारी वाढत गेल्या. त्या मीच लिहीत होतो.

त्याच सुमाराला गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका टॉवरचे सेक्रेटरी गाळ्यात येऊ लागले. त्यांच्या क्लबहाउसमध्ये दोन नवी टेबलं आली होती आणि तिथल्या मुलांना शिकवायला त्यांना कायमचा माणूस हवा होता. पगार, प्रॉव्हिडंट फंड, सगळं रीतसर. काका म्हणाले, “आमच्याकडे आहे ना माणूस,” आणि दादाकडे बोट केलं. सेक्रेटरींनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हसून म्हणाले, “तुमच्या स्पर्धेला येतो मी. याची प्रोबरोबर मॅच लावा. प्रोला हरवलं तर आमच्या कमिटीला मला काहीतरी सांगता येईल.”

‘हरवलं तर’ एवढेच शब्द मी धरून बसलो.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सकाळी मी माळ्यावर वही घेऊन बसलो. दादाच्या शेवटच्या वीस मॅच तीनदा मोजल्या. उत्तर तीनही वेळा एकच आलं. सात. आठचा सात झाला होता आणि त्यात काही शंका नव्हती. नऊला सात. प्रोचा त्या काळातला खेळ आणि दादाचा खेळ बघता जिंकण्याची शक्यता निम्म्याला थोडी कमी. नऊला सहा केलं असतं तर ती निम्म्याच्या बरीच वर जात होती. हे गणित मला कोणी शिकवलं होतं? ज्यांनी मला कॉलेजात पाठवलं त्यांनीच.

इथे मला माझ्या वडिलांबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. ते तालुक्याच्या आडत बाजारात हमाल होते. दहावीनंतर माझी फी माफ व्हावी म्हणून आमच्या मुख्याध्यापकांनी ईबीसीचा फॉर्म आणला आणि त्यांना शाळेत बोलावलं. वडील डोक्यावरचं फडकं हातात घेऊन दारातच उभे राहिले आणि म्हणाले, “नको सर. पोरगं शिकलं तेवढं बास.” सरांनी फॉर्म पुढे सरकवला. वडील पुन्हा “नको” म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा सरांनी पेन त्यांच्या हातात दिलं. “तुम्हाला विचारलं नाही मी. सही करा.” त्या सहीमुळे मी शिकलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. त्या दिवशी मी एक गोष्ट मनात पक्की केली, की गरज असलेला माणूस आधी नकोच म्हणतो आणि भला माणूस विचारत बसत नाही. देऊन टाकतो.

वही मिटून मी खाली उतरलो तर दादा मोरीपाशी पिंप भरत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, “मास्तर, उद्याचं जे असेल ते लिही हां. कमी नको, जास्त नको.”

मी म्हटलं, “हो दादा.”

“आठ राहिला नाय हे कळतंय मला. जे काय असेल ते.”

चार वर्षांत तो आकड्याबद्दल माझ्याशी पहिल्यांदाच बोलला होता. रीत मोडून बोलला होता. आणि मला त्यात फक्त वडिलांचा पहिला ‘नको’ ऐकू आला.

रविवारी सकाळी मी दादाच्या नावापुढचा आठ पुसला आणि सहा लिहिला. काका चहाचा ग्लास घेऊन मागे उभे होते.

“सहा? नीट बघितलंस?”

“हो काका.”

“दोन उतरला?”

“वहीतच आहे.”

त्या वहीबद्दल मी बोललेलं ते पहिलं खोटं. काका वही मागतील असं मला वाटलं होतं. त्यांनी मागितली नाही. वही माझ्या हातात आल्यापासून त्यांनी ती कधीच मागितली नव्हती.

दादा अकराच्या सुमारास आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. फळ्यापुढे थांबला. सहसा माणूस आपला आकडा बघतो आणि काहीतरी बोलतो, निदान तोंड वाकडं करतो. दादाने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला आणि पुन्हा बघितलं. मग तो माझ्याकडे वळला. मी त्याच्याकडे बघून थोडा हसलो. तू काळजी करू नकोस, असं मला त्या हसण्यातून सांगायचं होतं. त्याला त्यात काय दिसलं मला माहीत नाही. त्याने क्यू काढला आणि कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसला.

मॅच दुपारी दोनला सुरू झाली. सेक्रेटरी कमिटीच्या आणखी एकाला घेऊन आले होते. चाळीतले दहा-बाराजण होते. प्रो सुरुवातीला दादाशी हात मिळवायला आला आणि फळ्याकडे बघून हळूच म्हणाला, “सहा कधी झालास रे तू?” दादा म्हणाला, “आजच.”

पहिल्या फ्रेमा भयंकर गेल्या. दादा सोपे बॉल सोडत होता. एकदा काळाच चुकून आधी गेला, म्हणजे ती फ्रेमच गेली. पाच-एक झालं, मग सात-दोन. टॅक्सीवाला एक मित्र माझ्या कानाशी म्हणाला, “बरं झालं तू सहा दिला. सातवर तर इज्जत गेली असती.” मला आतून बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. आठ-तीन झालं तेव्हा प्रोला एकच फ्रेम हवी होती आणि सेक्रेटरी फोन बघायला लागले होते.

आणि मग दादा खेळायला लागला.

काय झालं ते मला आजही नेमकं सांगता येत नाही. त्याने शर्टाच्या बाह्या दुमडल्या, एवढं दिसलं. घाई गेली. प्रत्येक बॉलच्या आधी तो तसाच थांबू लागला, जसा पूर्वी मशीनवर कागदाची थप्पी लावताना थांबायचा आणि तळहाताने कडा सारखी करायचा. आपली चौथी फ्रेम त्याने एका दमात साफ केली. पाचवीत प्रोने पांढरा बॉल दोन बॉलांच्या मागे दडवला, तर दादाने तो कडेला आपटून बाहेर काढला आणि स्वतःचा बॉल घालवला. सेक्रेटरींनी फोन खिशात ठेवला. सहाव्या फ्रेमचा काळा लांब होता, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि पांढरा कडेला चिकटलेला. दादाने तो इतक्या हलक्या हाताने मारला की बॉल तोंडाशी पोचतो की नाही असं वाटलं. पोचला. पडला.

आठ-सहा.

प्रोने स्वतःच बॉल गोळा करून तिकोन लावला. दादाने पांढरा बॉल ठेवला, क्यूच्या टोकाला चॉक घासला आणि ब्रेक, म्हणजे फ्रेमचा पहिला फटका, मारायला वाकला. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्या वर्षात पाहिलं नव्हतं.

काका म्हणाले, “झालं. सहा झाले. जिंकला.”

टाळ्या वाजल्या. आम्हीच वाजवल्या, चाळीतल्यांनी. मी सगळ्यात जोरात वाजवल्या. दादा वाकलेलाच होता. मग सावकाश उठला आणि त्याने काकांकडे बघितलं.

“अजून आहे ना?”

“अरे, आकडा भरला तुझा. नऊला सहा.”

प्रो म्हणाला, “काका, मला चालेल. खेळू आम्ही पुढे. नऊपर्यंत सरळ.” तो मनापासून म्हणत होता. काकांनी सेक्रेटरींकडे बघितलं. सेक्रेटरी उठून फळ्यापाशी गेले होते आणि बोटाने ओळ शोधत होते. “नऊ… आणि हे सहा. म्हणजे तीन फ्रेमची सूट.” ते कमिटीच्या माणसाला म्हणाले, “म्हणजे फ्रेमा प्रोच्या आठ आणि याच्या सहा. बरोबर?” तो माणूस म्हणाला, “तसंच दिसतंय.”

प्रो पुन्हा दादाला म्हणाला, “खेळ रे.”

दादाने क्यूचे दोन भाग सोडवले. “नको. माझा आकडा संपला.”

सात असता तर मॅच संपलीच नसती. आठ-सहावर ब्रेक दादाचा होता. तो सलग तीन फ्रेमा घेऊन आला होता आणि टेबल त्याचं ऐकत होतं. सातवी त्याने घेतली असती असं मी म्हणू शकत नाही. प्रोला एकच हवी होती, दादा हरलाही असता. पण ती फ्रेम त्याची होती आणि ती मी खेळू दिली नाही. वीस मॅचचा हिशेब करणाऱ्या मला एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती, की लहान आकडा माणसाला लवकर जिंकवतो म्हणजेच लवकर थांबवतो.

त्या संध्याकाळी घरी गेलो तेव्हा बातमी आमच्या आधी पोचली होती. चाळीच्या जिन्यावर कोणीतरी ओरडलं, “कच्चा लिंबू जिंकला रे!” लहानपणी खेळताना ज्याचं आउट होणं धरत नाहीत, त्या सगळ्यात लहान पोराला कच्चा लिंबू म्हणतात. ओरडणाऱ्याने थट्टेनेच म्हटलं होतं. दादाही हसला. घरात आईंनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “जिंकलंस मां? मगे तोंड असा कित्याक केलंस?”

“काय नाय गे आये. दमलंय.”

आठवड्याने टॉवरवाल्यांचा निरोप आला. शिकवायला त्यांनी प्रोला ठरवलं होतं, शनिवार-रविवार. रोजच्या देखरेखीला एक माणूस हवा होता. टेबलं पुसायची, बॉल लावून द्यायचे, क्यू मोजून कपाटात ठेवायचे. ती जागा ते दादाला द्यायला तयार होते. दादाने घेतली. मुलीची दहावी पुढच्या वर्षावर आली होती. गडद निळा युनिफॉर्म आणि छातीवर पट्टी. प्रो पहिल्या शनिवारी तिथे शिकवायला गेला आणि दादाला टेबलाशी बघून परत आला. काकांना म्हणाला, त्याच्यासमोर मी शिकवू कसा. पण महिन्याभराने जाऊ लागला. त्यालाही घर होतं.

तिथे स्टाफला क्यू हातात घ्यायची परवानगी नव्हती, फक्त मोजण्यापुरती. आमच्या गाळ्यात यायचं दादाने सोडून दिलं. पहिल्यांदा वेळ नाही म्हणाला. मग कोणी विचारेनासं झालं.

मी त्याच घरात राहत होतो, त्याच ताटात जेवत होतो. रोज वाटे की सांगावं. सांगितलं असतं तर निदान त्याला एवढं कळलं असतं की तो सहा नव्हता. पण ते सांगायचं म्हणजे शिकवायची नोकरी कोणामुळे गेली हेही सांगायचं. माझ्याकडे तेवढं धैर्य नव्हतं. मी त्याऐवजी मुलीला गणित शिकवायचो. वहिनी म्हणायच्या, “किती करता हो तुम्ही आमच्यासाठी.” मी पुढचं गणित घालायचो.

माझ्या पदवीच्या प्रमाणपत्रावर माझी फी माफ होती हे लिहिलेलं नाही. कोणी ते प्रमाणपत्र बघितलं तर त्याला फक्त वर्ग दिसतो, प्रथम वर्ग. मुख्याध्यापकांनी मला दिलं ते दाराच्या आत जाण्यापुरतं होतं. पेपर मी सगळ्यांसारखा पूर्ण तीन तास लिहिला. मी दादाचा पेपर मध्येच काढून घेतला आणि सूट फळ्यावर सगळ्यांना दिसेल अशी लिहिली. आणि तेच उपकार समजलो.

दीड वर्षाने माझं लग्न ठरलं आणि मी बदलापूरला जागा घेतली. सामान बांधत होतो तेव्हा ती लांबट वही ट्रंकेत वरच होती. काका तोवर आकडे फोनवर ठेवू लागले होते आणि जुनी वही माझ्याकडेच राहिली होती. दादा ड्युटीवर निघाला होता, युनिफॉर्ममध्ये. वहीकडे बघून म्हणाला, “ही कशाला नेतोस, मास्तर? रद्दीत घाल.”

मी म्हटलं, “दादा, तेव्हा सहा नव्हता.”

मी पान उघडून त्याच्यापुढे धरलं आणि म्हटलं, “सात होता. मी सहा लिहिला. मला वाटलं तू जिंकशील.”

तो ट्रंकेच्या कडेवर बसला. चष्मा लावला. आणि त्या वीस ओळींवरून बोट फिरवत मोजू लागला. बोटांवरची शाई केव्हाच गेली होती. हिशेब त्याला येत नव्हता, पद्धत माझी होती, पण तो प्रत्येक ओळ वाचत होता. हरलेल्या मॅचवर थांबायचा, आठवायचा, पुढे जायचा. आतून वहिनींनी डबा झाला म्हणून हाक मारली, तरी तो उठला नाही.

“सात होता,” तो म्हणाला.

“हो.”

“मला वाटलं, खरंच सहा झालो.” चष्मा काढत म्हणाला, “तेव्हापासून तसंच धरून चाललोय मी.”

मी माफी मागितली. रडलो असेन. तो मला रागावला नाही, आणि तो रागावला असता तर फार बरं झालं असतं. त्याने वही मिटून माझ्या हातात दिली आणि विचारलं, “फळ्यावर अजून काय आहे?”

“सहाच.”

“ते तेवढं नीट कर.”

मी तसाच लालबागला गेलो. काकांना सगळं सांगितलं. काका बराच वेळ टेबलाच्या कडेवर बोट घासत राहिले. मग म्हणाले, “तेव्हापासून खेळलाय का तो एक तरी मॅच?”

“नाही.”

“मग आकडा कसा हलवू? जो खेळेल त्याचाच हलेल. नियम तुझाच ना? उद्या दुसरा येईल, म्हणेल माझाही चुकला होता. त्याला घेऊन ये, एक मॅच खेळू दे, मी स्वतः बदलतो. नाहीतर नाव पुसतो, बोल.”

नाव पुसा म्हणायची मला हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादाला विचारलं, एक मॅच खेळशील का, माझ्याशी खेळ, मी तीनच आहे अजून. त्याने उजवा हात पुढे धरून उलटसुलट बघितला, जसा दुसऱ्या कोणाचा असावा. “आता खेळलो तर चारसुद्धा नाय येणार, मास्तर,” म्हणाला. “राहू दे. सहा तर सहा.” आणि डबा घेऊन ड्युटीवर गेला.

मागच्या महिन्यात ऑफिसच्या कामाने परळला आलो होतो, तेव्हा गाळ्यात डोकावलो. नवी माणसं होती, मला कोणी ओळखलं नाही. फळा तोच आहे. बरीच नावं बदललीत. दादाचं नाव खालून तिसरं आहे. इतक्या वर्षांत त्याच्यापुढचा सहा पुसट झाला असेल असं मला वाटलं होतं. पण कोणीतरी, बहुधा दिसत नव्हता म्हणून, तो काळ्या मार्करने वरून पुन्हा नीट गिरवून ठेवला आहे.